बाई, बेंजो आणि वायरींचा हातमोजा

रोह्याच्या मासळी बाजारात ताणकाटा घेऊन जाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्याकडे मासळी वाट्याने मिळते. कोळीण फळकुटावर मांदेलीचे, बोंबलांचे ढीग लावते, आपण भाव करायचा आणि ढीग पिशवीत घ्यायचा. त्यात वजनाचा प्रश्न येतोच कुठे? पण बाई पर्समधून शाळेच्या प्रयोगशाळेतला पितळी ताणकाटा काढत, पिशवी त्याच्या आकड्याला अडकवून डोळ्यांसमोर धरत आणि म्हणत, "हा वाटा त्या वाट्यापेक्षा चाळीस ग्रॅमने कमी आहे. मग भाव सारखा कसा?"

"बाय, मासली हाय गो ती. सोना नाय."

"मासळीलाही वजन असतं."

शेवटी कोळीण दोन मांदेल्या वर टाकी. बाईंचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे, मागे गिऱ्हाइकं तुंबली म्हणून. मी शेजारी उभी राहून दुसरीकडे कुठेतरी बघत असे.

आम्ही दोघी रोह्याला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, त्या वरच्या मजल्यावर, मी खाली. सकाळच्या एसटीने दोघी पेणला शाळेत जायचो. मी अकरावी-बारावीला मराठी शिकवायची, त्या भौतिकशास्त्र. शाळेत बायका पुष्कळ होतो, पण "बाईंनी बोलावलंय" म्हटलं की "कुठल्या बाईंनी?" असं कुणी विचारत नसे. अंगावर सुती साडी, पदराला सोल्डरिंगच्या थेंबांनी पडलेली बारीक बारीक भोकं, आणि केसांत पेन्सिल. कधी कधी दोन. दुसरी शोधताना पहिली सापडायची.

'अंदाजे' या शब्दाशी त्यांचं वैर होतं. 'जरासं', 'बरंच', 'हळूहळू' हीसुद्धा त्याच कुटुंबातली मंडळी. कंडक्टरने "पेणला साडेनऊपर्यंत पोचू" म्हटलं की "पर्यंत म्हणजे?" हे आलंच. मी वर्गात कविता शिकवत असताना त्या एकदा दाराशी थांबल्या आणि नंतर स्टाफरूममध्ये मला म्हणाल्या, "तो कवी 'दूर डोंगर' म्हणतो. किती दूर, ते सांगायला काय हरकत होती?" तरुणपणी म्हणे त्यांना बघायला एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने विचारलं, "स्वयंपाक चांगला येतो का?" बाईंनी विचारलं, "कुणाच्या तुलनेत?" तिथे कांदेपोहे संपले आणि स्थळही संपलं.

अशा बाईंच्या प्रयोगशाळेत शिपाई कोण असावा, तर पेणच्या वाटेवरच्या गडब गावचा हिराजी. पन्नाशीचा, काळा, रुबाबदार, मिशीला तेल लावणारा. प्रयोगशाळेतली नोकरी तो फावल्या वेळात करायचा. त्याचा खरा धंदा बेंजोचा. बेंजो म्हणजे तारांचं वाद्य, त्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताच्या बोटांनी बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. आमच्या भागात हळदीला बेंजो नसला तर नवऱ्यामुलाला हळद लागली की नाही याचीच लोकांना शंका येते. आणि गडबपासून वडखळपर्यंतच्या गावांत बेंजो म्हणजे हिराजी. लग्नसराईत तो सकाळी तांबड्या डोळ्यांनी यायचा आणि भिंगांच्या पेटीवर डाव्या हाताची बोटं नाचवत बसायचा.

"हिराजी, ती भिंगं आहेत. ढोलकी नाही."

"ढोलकी हातानी वाजवतान बाई. ह्यो बेंजो हाय."

"तुम्ही काल अर्धा दिवस कुठे होता?"

"व्हतो ना हितंच. जरासा भायेर गेल्तो."

"जरासा म्हणजे किती?"

असं त्यांचं पंधरा वर्षं चाललं होतं.

मग त्या वर्षी मार्गशीर्षात, एका वरातीत, हिराजी टेम्पोवर उभा राहून वाजवत होता. बसून वाजवायची पद्धत आहे, पण समोर माणसं नाचायला लागली की हिराजीला बसवत नसे. वडखळच्या नाक्यावर टेम्पो वळला. हिराजी वळला नाही. बेंजो वाचवायला उजवा हात वर धरला आणि सगळा देह डाव्या हातावर घेऊन तो रस्त्यात आला. बेंजोला ओरखडासुद्धा आला नाही. डाव्या पंजाची हाडं मोडली.

प्लॅस्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. पेणच्या डॉक्टरकडे बाई स्वतः त्याच्याबरोबर गेल्या, आणि मला नेलं.

"सुटतील हळूहळू," डॉक्टर म्हणाले. "गरम पाण्यात हात घाला, मूठ मिटा, उघडा."

"हळूहळू म्हणजे?" बाई.

"बाई, ते कसं सांगणार?"

"बरं, आज किती वाकतात ते सांगा."

डॉक्टरांनी स्वतःचं बोट किंचित वाकवून दाखवलं. "एवढी."

"एवढी!" बाई बाहेर आल्यावर मला म्हणाल्या. "एवढी हे एकक आहे का?"

हिराजीने महिनाभर मूठ मिटली आणि उघडली. मग सोडून दिलं. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून राहायचा. मिशीचं तेल गेलं. एक दिवस बाईंनी विचारलं, "व्यायाम केला?"

"काय उपेग नाय बाई. रोज करतंय, रोज बोटा तशीच. बेंजो भाच्याला देऊन टाकलाय." मग म्हणाला, "वैशाखात सुगंधाची हलद हाय. पोरीला ल्हानपनापासून सांगत आलो, सगल्या गावाच्या हलदी वाजवल्या, तुजी तं अशी वाजवीन का लोकांनी नाव घेतला पायजे. आता भाचा वाजवील. मी पान खाऊन बसंन."

सुगंधा त्याची एकुलती एक मुलगी. तिचं नाव निघालं आणि हिराजी बाहीने डोळे पुसू लागला. बाईंना असल्या वेळी काय करावं ते कधीच कळत नसे. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"फरक पडत असणार," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिसत नाहीये, एवढंच. दिसेल असं काहीतरी करते."

आधी त्यांनी कंपासपेटीतला कोनमापक आणला. पण हिराजीचं बोट जाड, कोनमापक त्यावर ठरेना, आणि आकडा वाचायला हिराजी स्वतःच इतका वाकून बघायचा की हात हलायचा. मग बाईंना ग्रंथालयातल्या एका विज्ञान मासिकातलं चित्र आठवलं. परदेशात कुणीतरी वायरींचा हातमोजा केला होता. तो घालून बोटं वाकवली की कोणतं बोट कुठल्या सांध्यात किती वाकलं ते कॉम्प्युटरवर दिसे. आमच्या शाळेत कॉम्प्युटर एकच होता, तो मुख्याध्यापकांच्या खोलीत भरतकामाचं कव्हर घालून ठेवलेला होता आणि त्याला हात लावायची परवानगी फक्त फडक्याला होती. "त्याची गरज नाही," बाई म्हणाल्या. "काटा पुरे."

क्रिकेटमध्ये विकेटकीपर मोठ्या ग्लोव्हजच्या आत घालतो तो पातळ सुती हातमोजा खेळाच्या सरांकडून मिळाला. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग ज्या काळ्या स्पंजात खोचून येतात, त्या स्पंजाच्या पट्ट्या बाईंनी हातमोज्याच्या प्रत्येक बोटावर, मुळाच्या सांध्यापाशी शिवल्या. त्या स्पंजातून थोडी वीज जाते. पट्टी वाकली, दाबली गेली, की जास्त जाते. प्रत्येक पट्टीला दोन वायरी, त्या सगळ्या पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरला. बटण फिरवायचं, हवं ते बोट निवडायचं. शेवटी प्रयोगशाळेतलं काट्याचं मीटर. त्याच्या तबकडीवर बाईंनी कागद चिकटवून अंश लिहिले, शून्य ते नव्वद. हाताची बोटं मुळाशी नव्वदच्या पलीकडे सहसा वाकत नाहीत, म्हणून नव्वद.

हे सगळं त्यांनी रोह्याला घरी केलं आणि वायरी तुटू नयेत म्हणून हातमोजा हातात घालूनच सकाळच्या एसटीत बसल्या. ते दिवस नाकाबंदीचे होते. वडखळला पोलिसांनी गाडी थांबवली. एक हवालदार वर चढला, पिशव्या चाचपत आला आणि आमच्या सीटपाशी येऊन दगडासारखा उभा राहिला. बाईंच्या हातातून दहा वायरी निघून मांडीवरच्या डब्यात जात होत्या, आणि डब्यात बॅटरी.

"हे काय हाय?"

"हातमोजा."

"आणि वायरी?"

"हात बघायला," बाई म्हणाल्या.

हवालदाराचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने मागेपुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हात बघता तुमी? मशीनवर?"

"हो. बरोबर अंशांत कळतं."

त्याने काठी काखेत धरली आणि हात पुढे केला. "माजा बघा ना. खोपोलीला बदली मागितलीय."

बाईंना बदलीचा संबंध कळला नाही, पण कुणी मापून घ्यायला आपणहून हात पुढे करतोय हेच त्यांना पुष्कळ होतं. त्यांनी हातमोजा त्याला चढवला. "मिटा मूठ."

काटा सरसर वर गेला.

"वर गेला! म्हंजे होनार?"

"म्हणजे वाकलं."

"कोन वाकलं? साहेब?"

मागच्या सीटवरची माणसं उठून आली. एका बाईने मुलीचं लग्न विचारलं, ड्रायव्हर इंजिन बंद करून स्वतःचा हात घेऊन आला. बाई प्रत्येकाचं बोट मापून आकडा सांगत होत्या आणि लोक तो आकडा कपाळाला लावून घेत होते. हवालदाराला त्यांनी उतरताना बजावलं, "तुमची करंगळी बाकीच्यांच्या मानाने कमी वाकते. लक्ष ठेवा." तो फार काळजीत उतरला. उन्हाळ्याच्या आधी त्याची खोपोलीला बदली झाली आणि तो पेढे घेऊन शाळेत आला. "माझा यात काहीही संबंध नाही," असं म्हणून बाईंनी पेढे नाकारले. मी घेतले.

हिराजीला हातमोजा आवडला. मुख्य म्हणजे काटा आवडला. मूठ मिटताना बोटं त्याला तशीच दिसत, पण काटा कालच्यापेक्षा केसभर पुढे जाई. तेवढ्यावर त्याने व्यायाम पुन्हा धरला. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेतून ओरडा ऐकू यायचा, "आज चालीस!" की समजायचं, मधलं बोट. आकडा तो कँटीनमध्ये सांगायचा, एसटी स्टँडवर सांगायचा, आणि अनोळखी माणसाला "कसले चाळीस?" असं विचारावंच लागायचं. मिशीला तेल परत आलं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तशा बाई एक दिवसाआड गडबला उतरून त्याच्या घरी मापायला जाऊ लागल्या. मी बरोबर असायचीच. ओटीवर हिराजी मधोमध, भोवती सगळी आळी. वारा बंद, वीज गेलेली, आणि हिराजी दात खाऊन मूठ मिटतोय. काटा साठ झाला, पंच्याहत्तर झाला. आळी टाळ्या वाजवायची. सुगंधा दाराच्या चौकटीला टेकून बघत असायची आणि काटा वर गेला की पटकन आत जायची.

हळदीला आठवडा राहिला त्या दिवशी काटा नव्वदच्या पुढे जाऊन तबकडीच्या कडेला टेकला. तोही करंगळीचा.

"बघा!" हिराजी गरजला. "साधा मानूस नव्वद. आपन त्याच्या फुडं!"

आळीला ते सहज पटलं. बाईंनी मात्र परतताना एसटीत कंडक्टरला वेळसुद्धा विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात धडधड ऐकू आली. कुणीतरी वर जात होतं, खाली येत होतं, परत वर. दार उघडून बघते तर बाई. पदर खोचलेला, चेहरा लाल, एका हातात चढवलेला तो हातमोजा आणि त्यातलं एक बोट लाकडी फूटपट्टीला सुतळीने बांधलेलं. मीटरचा डबा दुसऱ्या हातात.

"बघ," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बोट वाकतंय?"

"नाही. बांधलंय की."

"आता काटा बघ."

काटा सत्तरवर होता.

त्या पायरीवरच बसल्या. "घाम," त्या म्हणाल्या. "स्पंज घाम पितो. घामात मीठ. मिठाच्या पाण्यातून वीज जाते. आठवीचं पोरही सांगेल. माझा हातमोजा बोटं मोजतच नव्हता, घाम मोजत होता. फेब्रुवारीत थंडी होती, काटा खाली. मे महिना आला, काटा वर. तो जितका जोर लावणार तितका घाम येणार, तितका काटा चढणार. इतके दिवस मी त्या माणसाला खोटे आकडे सांगितले."

त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"सांगू नका त्याला," मी म्हटलं. "हळद तोंडावर आलीय. खरं कळलं तर तो हात टाकून देईल."

"आणि नाही सांगितलं, तर चारचौघांत, मुलीसमोर, बोट अडेल तेव्हा?"

मी चपला घातल्या.

आम्ही गडबला पोचलो तेव्हा अंगणात मांडवाचे बांबू रोवले जात होते. हिराजी मांडववाल्याला हात दाखवत होता. बाई सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"हिराजी, तो काटा खोटा आहे."

आणि सगळं सांगितलं. घाम, मीठ, स्पंज, फूटपट्टी. काही गाळलं नाही. बांबू धरणारे बांबू धरून राहिले. सुगंधा ओटीवर आली होती.

"मंजे," हिराजी सावकाश म्हणाला, "माजी बोटा सुदारली नाय?"

"माहीत नाही. मी ती मोजलीच नव्हती."

हे वाक्य म्हणायला बाईंना किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. हिराजीने आपला पंजा उलटा-पालटा करून पाहिला. मला वाटलं, आता संपलं.

"घाम?"

"घाम."

"आनि घाम कुनाचा व्हता?"

"तुमचाच."

"मंग?" हिराजी एकदम तडकला. "मंग खोटा कसा? मी काय पानी शिंपडून बसलो व्हतो? ता मोजला ना यानी? मंग!" तो ओटीवर जाऊन बसला, हात पुढे केला. "आना तो कंपासातला अर्दा चांद. काय हाय ता एकदा बगू. आनि ह्या खेपंला मी हलनार नाय."

तो खरंच हलला नाही. श्वाससुद्धा धरून बसला. बाईंनी कोनमापक लावला. तर्जनी आणि मधलं बोट चांगली वाकत होती, जवळजवळ पूर्वीसारखी. अनामिका निम्मी. करंगळी प्लॅस्टर निघालं त्या दिवशी होती तशीच. बाईंनी ते आकडे कुठलीही साखर न घालता सांगितले. हिराजीने उजव्या हाताने करंगळी दाबून पाहिली.

"ही गेली मंजे," तो म्हणाला. "बाकीची हायती."

सुगंधा चपला न घालताच पळाली आणि भाच्याकडून बेंजो घेऊन आली. तारा छेडल्या, बटणं दाबली, आणि जो सूर निघाला तो ऐकून मांडववालाही हसला. त्या दुपारपासून बाईंनी गडबमध्ये ठाण मांडलं. बटणांची अंतरं मापली, कुठल्या बटणावर कुठलं बोट जाईल याचा हिशेब मांडला.

"करंगळीची बटणं मधल्या बोटाने घ्या."

"मधला बोट तवा दुसरीकडं असतंय."

"मग लवकर आणा."

"आता बेंजोबी तुमीच शिकवनार?"

"तुम्ही चुकीचा वाजवणार असाल तर शिकवीन."

सुगंधा मला हळूच म्हणाली, "बाबा लय दिवसांनी असा भांडतंय."

हळदीच्या संध्याकाळी हिराजीने वाजवला. बसून. पांढरा सदरा, मिशी चकचकीत. पूर्वीची चपळाई नव्हती, गाणी त्याने निवडून संथ घेतली होती. त्यातल्या सुगंधाच्या आवडीच्या गाण्यात एक जागा अशी होती की तिथे मधलं बोट वेळेत पोचतच नव्हतं. सूर खाली जायचा तिथे वर जाऊन बसायचा. भाच्याने मागून कॅसिओवर खरा सूर देऊन झाकायचा प्रयत्न केला. हिराजीने वाजवता वाजवता मान वळवून त्याच्याकडे असं बघितलं की भाच्याने कॅसिओ बंदच केला. पुढच्या कडव्याला पुन्हा तीच चूक. मग पुन्हा. चौथ्यांदा ती जागा आली तेव्हा नाचणाऱ्या बायकांनी मिळून तो सूर हिराजीसारखाच वर नेला. सुगंधा हळदीने माखलेली, पाटावर बसून हसत होती आणि गालांवरून पाणी वाहून हळदीत दोन रेघा पडल्या होत्या. बायकांनी बाईंनाही ओढून नाचायला उभं केलं. त्या पायांकडे बघत, कुणाच्याही पायाशी न जुळणाऱ्या ठेक्यात, बराच वेळ नाचल्या.

पुढे बाईंनी हातमोज्यात दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक घालून घामाचा बंदोबस्त केला. तो म्हणे मग अगदी बरोबर चालायला लागला. पण हिराजीने तो परत घातला नाही. बेंजो मात्र त्याने सोडला नाही, पुष्कळ वर्षं तीन बोटांवर हळदी केल्या.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नाला म्हणून आम्ही रोह्याहून एसटीत बसलो. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि खिडकीबाहेर बघत त्या काहीतरी गुणगुणत होत्या. बाई गातात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. नीट ऐकलं तर कालचंच गाणं, आणि त्या जागी आल्यावर सूर वर.

"बाई, तिथे खाली जायचं असतं," मी म्हटलं.

"हिराजीने वर वाजवला."

"तो चुकत होता."

"चारही वेळा तिथेच, तेवढाच?" बाई म्हणाल्या. "मग ती चूक नव्हे. ती चाल आहे."

आणि गडबचा थांबा येईपर्यंत त्या तशाच गुणगुणत राहिल्या.